जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये नव्या इंजिनाचे वायरिंग

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मूळ इंजिन काढून त्या जागी संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे आधुनिक इंजिन बसवताना, गाडीची जुनी आणि इंजिनाची नवी अशा दोन विद्युत यंत्रणा एकत्र चालवण्याचे काम. माउंटिंग वेल्ड करणे, प्रोपेलर शाफ्ट कापून जुळवणे ही कामे डोळ्यांना दिसतात आणि कौतुकही त्यांचेच होते. पण अशी गाडी अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहते ती बहुधा वायरिंगपायी. प्रस्तुत नोंदीत या कामाचा विचार खानदेशातील, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील हवामान, रस्ते आणि गॅरेजची परिस्थिती समोर ठेवून केला आहे.

खानदेशच्या मिस्त्रींना इंजिन बदलणे नवे नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकची इंजिने उतरवणे-चढवणे हे तिथले नेहमीचेच काम. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीप आणि अँबेसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचीही एके काळी देशभर चलती होती. त्या कामात वायरमनच्या वाट्याला फार थोडे येई. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला सेल्फची जाड वायर, हीटर प्लगची एक, चार्जिंगची एक आणि ऑइल प्रेशर व तापमानाच्या दोन बारीक वायरी एवढे मिळाले की ते चालू होई. काही गाड्यांत तर ते बंद करायला केबल ओढावी लागे, विजेचा संबंधच नसे. कार्बुरेटरच्या पेट्रोल इंजिनाचीही तीच गत : कॉइलला बारा व्होल्ट मिळाले की पुरे. आधुनिक इंजिनाचे तसे नाही. त्याचा संगणक, म्हणजे ईसीयू, क्रँकची जागा, कॅमची जागा, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान, थ्रॉटलचा कोन आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सतत तपासत असतो. क्रँक सेन्सरचा संकेत आला नाही, तर बाकी सगळे धडधाकट असूनही तो ठिणगी देत नाही.

भारतात निघालेल्या स्पोर्ट्‌स कार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सॅन स्टॉर्म ही रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची, उघड्या टपाची दोन आसनी गाडी त्यांपैकी एक. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आणि १९८४ मध्ये आलेली हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा यांना काटेकोर अर्थाने स्पोर्ट्‌स कार म्हणता येणार नाही, पण हौशी मंडळींचा हात आधी त्यांच्याकडेच वळतो. परदेशात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी आणि १९८९ पासूनची माझ्दा एमएक्स-५ या गाड्या अशा कामासाठी प्रसिद्ध आहेत. नव्या इंजिनांत होंडाची के मालिका किंवा जनरल मोटर्सची एलएस मालिका तिकडे लोकप्रिय आहे. आपल्याकडे सुट्या भागांची उपलब्धता पाहता मारुती सुझुकीचे इंजिन घेणे शहाणपणाचे.

गाडी कोणती, यावर वायरिंगची पहिली अडचण ठरते. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची वायर असते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची व पंपाची अर्थ, म्हणजे परतीची, वायर चासीपर्यंत स्वतंत्र आणावी लागते. हेराल्डची चासी वेगळी आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने कसलेले; गंजलेला एक बोल्ट अर्थ तोडायला पुरतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. एमजीबीत ही पद्धत १९६७ पर्यंत चालली. अशा गाडीचे अर्थिंग आधी ऋण करून घ्यावे लागते. ते न करता ईसीयू जोडला, तर तो निकामी होऊ शकतो.

इंजिन विकत घेताना त्याच्यासोबत काय आणले, यावर पुढची निम्मी कटकट अवलंबून असते. नुसते इंजिन स्वस्त मिळते आणि शेवटी महाग पडते. ईसीयू, न कापलेला संपूर्ण हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा), फ्यूज बॉक्स, ॲक्सिलरेटर पेडल, तसेच मूळ चावी, तिच्याभोवतीची इमोबिलायझरची रिंग आणि तिचा मॉड्यूल (छोटा नियंत्रक) हे सारे एकाच गाडीचे हवे. इमोबिलायझर चावीतली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर इंजिन पेट घेत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. थ्रॉटल केबलऐवजी विजेवर उघडणारा असेल, तर पेडलमधले दोन सेन्सर एकमेकांशी पडताळून पाहिले जातात, म्हणून दुसऱ्याच मॉडेलचे पेडल चालेलच असे नाही. हार्नेस कपलरपासून, म्हणजे वायरी जोडण्या-सोडवण्याच्या प्लगपासून, चार बोटांवर कापून विकणाऱ्या भंगारवाल्याकडून इंजिन न घेतलेलेच बरे. अपघातात गेलेली अख्खी गाडी मिळाली, तर काढण्यापूर्वी इंजिन तिच्यातच चालवून पाहता येते. त्यासारखी दुसरी खात्री नाही.

इंजिन जितके नवे तितका त्याचा ईसीयू एकटा राहायला नाखूश. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन या संदेशवहन पद्धतीत पीळ दिलेल्या दोन वायरींवरून गाडीतले सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेकडून चाकांचा वेग आला नाही किंवा मीटरकडून उत्तर आले नाही, तर ईसीयू दोष नोंदवतो आणि काही वेळा ताकद कमी करतो. या तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. सगळे बंद असताना मीटरने दोन वायरींमध्ये साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक सुटलेले आहे. हा सगळा गुंता टाळायचा, तर मूळ ईसीयू बाजूला ठेवून मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, हॉलटेक, लिंक यांसारखा स्वतंत्र ईसीयू लावता येतो. मात्र मग इंधनाचा आणि ठिणगीचा नकाशा, म्हणजे किती इंधन आणि केव्हा ठिणगी द्यायची याचा तक्ता, स्वतः भरावा लागतो, आणि ते काम वायरिंगहून सोपे नाही. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर खानदेशात पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने कॅनचा पसारा वाढण्यापूर्वीचे, केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलचे इंजिन मूळ ईसीयूसकट घ्यावे.

जोडणीचे सूत्र एकच : इंजिनाचा हार्नेस पूर्ण आणि वेगळा राहू द्यावा, गाडीचा जुना हार्नेस दिवे, हॉर्न, वायपर यांच्यापुरता ठेवावा आणि दोहोंमध्ये मोजक्याच वायरींचा पूल बांधावा. कायमचे बारा व्होल्ट, चावीचे बारा व्होल्ट, सेल्फचा संकेत, पंपाचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच), पंख्याचा रिले, चार्जिंगचा दिवा, आरपीएमचा संकेत, चेक लाइट आणि स्कॅनरचा सोळा पिनांचा सॉकेट एवढ्यात बहुतेक इंजिने समाधानी असतात. या सॉकेटमध्ये १६ क्रमांकावर बॅटरी, ४ व ५ वर अर्थ, ६ व १४ वर कॅनच्या वायरी आणि ७ वर के-लाइन ही जुन्या पद्धतीची संदेशाची वायर येते. तो न लावता गाडी चालू करणारे वायरमन आहेत. मग दोष शोधायची वेळ आली की त्यांना अंदाजावर सेन्सर बदलत बसावे लागते.

चावीची वायर कुठून घ्यायची, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. जुन्या लुकास पद्धतीच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे चावीनंतरची, हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, आणि काळी म्हणजे अर्थ. पण काही गाड्यांत कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रोधाची असते आणि तिच्यावर इंजिन चालू असताना सहा ते नऊ व्होल्टच मिळतात. त्या वायरीवर ईसीयू जोडला की तो कधी जागा, कधी झोपलेला. दुसरा सापळा चावीच्या स्विचमध्ये असतो : सेल्फ मारताना काही जुने स्विच इतर सर्व जोडण्या तोडतात. अशा गाडीत सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन पेट घेत नाही आणि चावी सोडताच एक ठसका देते. चावी ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन्ही जागी असताना मीटरने व्होल्ट पाहिले की हा दोष पाच मिनिटांत सापडतो. तिसरी गंमत चावी काढल्यावरही इंजिन चालू राहण्याची. ऑल्टरनेटरच्या दिव्याच्या वायरीतून उलटा प्रवाह येऊन ईसीयूचा रिले धरून ठेवतो. त्या वायरीत योग्य दिशेने एक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) घातला की हे थांबते.

पेट्रोल पंपाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कार्बुरेटरला चौरस इंचाला तीन ते सहा पाउंड दाब पुरे, इंजेक्शनला तीन बार म्हणजे सुमारे ४३ पाउंड लागतो. टाकीजवळच्या अशा पंपाला दहा अँपिअर लागतात असे धरू. दीड चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे १२.७ मिलिओहम, पाच मीटर लांबीत ०.६ व्होल्टहून अधिक तिथेच मुरतात, परतीच्या वायरीतले वेगळे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना बॉनेटखालची वायर त्याहून कितीतरी तापलेली असते. म्हणून पंपाला किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि ईसीयूच्या हुकमाने चालणारा रिले द्यावा. पंप थेट चावीवर जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडले तरी तो पेट्रोल ओतत राहतो.

घरगुती वायरिंगची वायर इथे चालत नाही. तिचे पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपर्यंतचे. मोटारीसाठीची क्रॉसलिंक्ड वेष्टनाची वायर १२५ अंश सोसते. केळीच्या मुलखात ठिबकची काळी नळी हाताशी असते आणि वायरींवर चढवायला ती सोयीची वाटते, पण ती पॉलिथिलीनची आहे. एक्झॉस्टजवळ तिचा लगदा होतो. जोड पिळून टेप गुंडाळण्याची जुनी सवयही या हवेत नडते. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, कपाशीच्या काळ्या मातीची धूळ आत जाते, पावसाळ्यात तीच ओली होते आणि जानेवारीत सुरळीत चालणारी गाडी जुलैत तोरणमाळच्या घाटात आचके देऊ लागते. वायरीच्या टोकाला योग्य प्लायरने दाबलेले थिंबल आणि वर उष्णतेने आकसणारी, आतून गोंद असलेली स्लीव्ह याला पर्याय नाही.

अर्थिंगविषयी जितके सांगावे तितके थोडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून तुटलेले आहे. इंजिनापासून चासीपर्यंत जाड पट्टी लावली नाही, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधतो आणि ती त्याला ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये सापडते. केबलचे आवरण वितळलेले दिसले की कारण हेच समजावे. ईसीयूची अर्थ मूळ गाडीत जिथे होती तिथेच, म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाच्या ब्लॉकवर किंवा हेडवर ठेवावी. सेन्सरची अर्थ तर बॉडीला टेकवूच नये, ती ईसीयूकडेच परत जाते. तपासणी सोपी आहे : सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मीटर लावावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर पट्टी, बोल्ट किंवा रंगाचा थर यांपैकी काहीतरी आडवे आलेले आहे.

चार्जिंगची जुनी व्यवस्था बहुतेक काढूनच टाकावी लागते. डायनॅमो वीस-तीस अँपिअरचा, नवा ऑल्टरनेटर सत्तरच्या पुढचा. जुन्या जीपप्रमाणेच काही जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून जातो. तसाच ठेवला तर आग लागण्याचा धोका असतो. ऑल्टरनेटरची जाड वायर फ्यूजमार्गे थेट बॅटरीला न्यावी आणि ॲमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवावा.

डॅशबोर्डवरचे जुने काटे जिवंत ठेवायचे, तर त्यांचे मूळ सेंडर, म्हणजे काट्यांना संकेत देणारे भाग, नव्या इंजिनावर जागा शोधून बसवावे लागतात. ईसीयूचा तापमान सेन्सर आणि जुना काटा एकाच वायरीवर चालत नाहीत. आरपीएमच्या जुन्या काट्याला कॉइलचे ठोके लागतात. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात ते एका जागी मिळत नाहीत, म्हणून ईसीयूचा संकेत घ्यावा लागतो.

ट्रकच्या कामाने तयार झालेल्या हातांना इथे काही सवयी मोडाव्या लागतात. टेस्ट लॅम्प ईसीयूच्या पिनांना लावू नये, कारण बल्बमधून जाणारा प्रवाह आतला ट्रान्झिस्टर जाळू शकतो, मीटरच वापरावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीयूचा कपलर दोन्ही काढावेत. आणि बॅटरी उतरली म्हणून शेजारच्या चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून जंप देऊ नये. महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये हा मोह रोज समोर उभा असतो.

कायद्याची बाजू खर्च करण्यापूर्वी पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गाडी एमएच-१८ धुळ्याची असो, एमएच-१९ जळगावची की एमएच-३९ नंदुरबारची, परिवहन कार्यालयात आधी विचारणा न करता वेगळ्या बनावटीचे इंजिन बसवले, तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येईलच असे नाही. विम्याचा दावाही अडू शकतो. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. हेराल्डसारख्या गाडीत हात घालणाऱ्याने म्हणूनच मूळ हार्नेस न कापता, प्रत्येक कपलरला चिठ्ठी लावून, मूळ इंजिनासोबत काढून ठेवावा.