सार्वजनिक रेडिओ, अमेरिकेतील

अमेरिकेतील बिगरव्यापारी नभोवाणी. ती श्रोत्यांच्या वर्गण्या, संस्थांच्या देणग्या, प्रायोजकांचे साधे नामोल्लेख आणि २०२५ पर्यंत मिळत असलेले केंद्र सरकारचे अनुदान यांवर उभी राहिली. एफएमवरील ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अशा केंद्रांसाठी राखीव आहे. राज्याचे राजकारण, न्यायालये व तुरुंग आणि नवे चित्रपट हे तिच्यावरील चर्चांचे नेहमीचे विषय.

१९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याचा मूळ रोख दूरचित्रवाणीवर होता. रेडिओ त्यात अगदी शेवटी घुसवला गेला. पुढे १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ (एनपीआर) स्थापन झाला. आकाशवाणीच्या सवयीमुळे मराठी वाचकाची इथे गल्लत होते. एनपीआर हे सरकारी खाते नव्हे आणि देशभरची केंद्रे त्याच्या मालकीचीही नाहीत. ती विद्यापीठांची किंवा स्थानिक विश्वस्त संस्थांची असतात आणि एनपीआरचे कार्यक्रम पैसे मोजून घेतात. ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा त्यातला सर्वांत जुना वार्ताकार्यक्रम. ३ मे १९७१ रोजी तो सुरू झाला तेव्हा वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने चालली होती. पहिल्याच भागात तो गलका ऐकू आला.

राज्याचे राजकारण मात्र स्थानिक केंद्रांनीच सांभाळायचे. विधिमंडळाच्या अधिवेशनात तासन्‌तास बसणारा बातमीदार वृत्तपत्रांना परवडेनासा झाला, तसे या केंद्रांच्या बातमीदारांचे महत्त्व वाढले. अनुदान घेणाऱ्या केंद्रांना संपादकीय मत मांडण्याची कायद्याने मनाई होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी रद्द केली. उमेदवाराला पाठिंबा वा विरोध करण्यावरचे बंधन तसेच राहिले.

न्यायाच्या प्रश्नावर या माध्यमाची ताकद सर्वांत ठळक दिसते ती कर्टिस फ्लॉवर्स प्रकरणात. मिसिसिपी राज्यातील विनोना गावी १९९६ मध्ये फर्निचरच्या दुकानात चौघांचे खून झाले. त्यासाठी या कृष्णवर्णीय माणसावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. अमेरिकन पब्लिक मीडिया या सार्वजनिक रेडिओ संस्थेच्या शोधपत्रकारांनी ‘इन द डार्क’ या पॉडकास्ट मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (२०१८) त्याचा मागोवा घेतला. २२५ खटल्यांतील ज्यूरी-निवडीची कागदपत्रे धुंडाळल्यावर त्यांना आढळले, की सरकारी पक्ष गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना सुमारे साडेचार पट अधिक प्रमाणात वगळत होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा रद्द केली. २०२० मध्ये आरोपही मागे घेण्यात आले. पॉडकास्टने माणूस सोडवला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण अपील वकिलांनी लढवले होते. पण दप्तरात पडून राहिलेली आकडेवारी बाहेर आली ती रेडिओवाल्यांच्या चिकाटीमुळेच.

चित्रपटांसाठी फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएचवायवाय केंद्राचा ‘फ्रेश एअर’ प्रसिद्ध आहे. टेरी ग्रोस १९७५ पासून तो चालवतात. १९८७ पासून तो देशभर रोज ऐकू येतो. दिग्दर्शक-नटांच्या लांब मुलाखती हे त्याचे वैशिष्ट्य. रेडिओवर चित्रपटाचे परीक्षण म्हणजे तशी अडचणीचीच गोष्ट : पडदा नाही, हाताशी फक्त संवादाचे तुकडे आणि परीक्षकाचे शब्द. म्हणून तिथे कथानक सांगत बसून भागत नाही. प्रकाश, चेहरा, शांतता हे सारे ऐकणाऱ्यापुढे शब्दांनीच उभे करावे लागते.

वर्षातून काही दिवस निवेदक नेहमीचे कार्यक्रम मध्येच थांबवून वर्गणी मागतात. श्रोते कुरकुरतात, तरी पैसे भरतात. सरकारी अनुदानाचा सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा थेट रेडिओ व दूरचित्रवाणीच्या स्थानिक केंद्रांना जाई. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) पुढील दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. याचा फटका महानगरांतल्या श्रीमंत केंद्रांपेक्षा अलास्कासारख्या विरळ वस्तीच्या भागांतील केंद्रांना अधिक बसला. तिथे वर्गणीदार मुळातच थोडे, आणि वादळाचा इशारा अनेकदा याच रेडिओवरून येतो.