दोन्ही चित्रं कॉम्प्युटरनेच काढली, मग भांडण कशाचं?

डेमोसीनमध्ये, म्हणजे कोड, चित्रं आणि संगीतातून कॉम्प्युटरवर कला घडवून स्पर्धांत उतरवणाऱ्या हौशी मंडळींत, एआय चित्रांवरून वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणतं, "तुमची चित्रं तरी कुठे हातानं काढलेली असतात? तीही कॉम्प्युटरच काढतो की!" हे वाक्य ऐकून मला वीट आलाय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

एआय चित्र कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रॉम्प्ट द्यायचा, चार चित्रं येतात, एक उचलायचं. पुढे चला.

प्रोसिजरल चित्र म्हणजे कोडनं घडवलेलं चित्र. 'एलेव्हेटेड' घ्या. २००९ साली जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट पार्टीत, म्हणजे डेमोसीनच्या स्पर्धा-मेळाव्यात, दाखवलेला हा डेमो, म्हणजे चालवला की चित्रं आणि संगीत घडवणारा प्रोग्राम. बर्फाळ डोंगर, पाणी, ऊन, संगीत, सगळं ४०९६ बाइटांत. तुम्ही वाचताय तो लेख साठवायलाच त्याहून जास्त जागा लागते.

आता लोक नेमके कुठे घसरतात ते बघू. त्यांना वाटतं, फरक नशिबाचा आहे: एआय वाट्टेल ते देतं, कोड ठरलेलं देतं. चूक. सीड, म्हणजे नशिबाचा भाग ठरवणारा सुरुवातीचा आकडा, दोन्हीकडे असतो आणि बाकी काही न बदलता तोच आकडा दिला की तेच चित्र येतं. फरक फाइलच्या आकाराचाही नाही. तो नुसता डोळ्यांना पटकन दिसतो. खरा प्रश्न असा: चित्रातली ती डोंगराची कड आली कुठून?

'एलेव्हेटेड'मध्ये याचं उत्तर बोट ठेवून दाखवता येतं. नॉइज फंक्शननं, म्हणजे वेडेवाकडे पण सलग आकडे देणाऱ्या सूत्रानं, हळूहळू बदलणारी उंची मिळते. तेच फंक्शन दुप्पट बारीक आणि निम्म्या उंचीचं करून वर रचायचं, मग पुन्हा, मग पुन्हा. एवढ्यानं डोंगर होतो, पण सगळीकडे एकसारखा खडबडीत. हा डेमो घडवणाऱ्यांपैकी इनिगो किलेझ यांनी प्रत्येक थराचा उतार मोजला आणि जिथे चढ तीव्र तिथे वरच्या थरांचा बारीक खडबडीतपणा दाबला. त्यासाठी लागला फक्त एक भागाकार! त्यामुळे कडे घासून निघाल्यासारखे दिसतात, पावसापाण्यानं झिजलेल्या डोंगरासारखे. ती कड एका माणसानं ठरवली आहे.

एआयच्या डोंगराची कड अब्जावधी चित्रांवर शिकवलेल्या, कित्येक गिगाबाइटांच्या मॉडेलमधून येते. ती चित्रं ज्यांची, त्यांना बहुतेकदा कोणी विचारलेलंही नसतं. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला 'ही कड अशीच का?' विचारा, उत्तर नाही. दोन्हींना सरसकट 'जनरेटेड' म्हणणं तर मला अजिबात खपत नाही. प्रॉम्प्टमध्येही कौशल्य असेल, तर त्याची स्पर्धा वेगळी ठेवा आणि एआय वापरल्याचं स्पष्ट लिहा.

डेमोसीनचा हा राग काल-परवाचा नाही. अमिगा या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या काळात चित्रकार बोरिस व्हॅलेहोची फँटसी चित्रं पिक्सेलमध्ये उतरवून स्वतःची म्हणून खपवली जायची. त्यावरूनही कडाक्याची भांडणं झाली. म्हणूनच अनेक पार्ट्यांच्या ग्राफिक्स स्पर्धांत चित्रासोबत कामाचे टप्पेही द्यावे लागतात.

मी स्पर्धेत मत देताना आधी ते टप्पेच बघतो. दुसऱ्या टप्प्यात हात खांद्यापासून चुकलेला असतो, तिसऱ्यात खोडलेला, चौथ्यात कोपरातून वाकवून पुन्हा काढलेला.