स्थानिक नियमांचा कागद: लीथच्या पुळणीपासून आमच्या व्हाळापर्यंत

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर आमच्या गोल्फ क्लबच्या व्हरांड्यातल्या फलकासमोर माणसं जमायला लागतात. डावीकडे रविवारचे चौघाचौघांचे गट आणि टी-ऑफच्या, म्हणजे पहिल्या फटक्याच्या, वेळा. उजवीकडे 'स्थानिक नियम' असं शीर्षक असलेला टाइप केलेला कागद. गट सगळेच वाचतात. उजवीकडचा कागद नवे सभासद वाचतात, तेही पहिला महिनाभर. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेलं आमचं हे नऊ होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचं, मैदान कोकणातलं, त्यामुळे त्या कागदावर व्हाळ (ओढा), कातळ, खेकड्यांची बिळं, माडाच्या झावळ्या असं सगळं असतं. नव्या माणसाची समजूत अशी होते, की खरे नियम विलायतेतले आणि ही त्याला खाली जोडलेली गावठी पुरवणी. इतिहास याच्या नेमका उलट आहे.

गोल्फचे लिहून ठेवलेले, आज हाती असलेले सर्वांत जुने नियम १७४४ सालचे आहेत. खेळ त्याहून कितीतरी जुना. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली होती, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून त्यांत रमत होते. म्हणजे जवळपास तीनशे वर्षं लोक कागदावर काही नसताना खेळत होते, आपल्याकडे गोट्या आणि विटीदांडू खेळले जायचे तसे: दर गावाचा नियम वेगळा, आणि तो गावातल्या सगळ्यांना पाठ. लिहिण्याची वेळ आली ती बाहेरची माणसं खेळायला येणार म्हणून. एडिंबराच्या नगरपालिकेने चांदीची गोल्फ-काठी बक्षीस लावली आणि लीथ बंदराजवळच्या मैदानावरची स्पर्धा परगावच्या खेळाडूंनाही खुली केली. पाहुण्यांशी वाद नकोत म्हणून तेरा नियम लिहिले गेले. पहिली स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या शल्यचिकित्सकाने.

त्या तेरांतला शेवटचा नियम मला फार आवडतो. मैदान राखण्यासाठी खणलेले चर, शाळकरी पोरांनी पाडलेले खड्डे आणि सैनिकांनी खणलेल्या रेषा यांना अडथळा समजू नये. चेंडू बाहेर काढावा, टीवर, म्हणजे छोट्या उंचवट्यावर, ठेवावा आणि लोखंडी काठीने खेळावा, असं त्यात म्हटलंय. शाळकरी पोरं आणि सैनिक! जगाच्या कुठल्याही दुसऱ्या मैदानाला याचा उपयोग नव्हता. दहाव्या नियमात माणूस, घोडा आणि कुत्रा येतात: त्यांच्यामुळे चेंडू अडला तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. आणखी एका नियमात चिखलपाण्यात गेलेला चेंडू काढून मागे आणायची मुभा आहे, प्रतिस्पर्ध्याला एक फटका देऊन. तेव्हा गोल्फचा पहिला नियमसंग्रह हाच मुळात एका गावचा स्थानिक नियमांचा कागद होता. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावच्या खेळाडूंनी १७५४ मध्ये तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. पुढे १७६४ मध्ये तिथे बावीस होलच्या फेरीचे अठरा झाले आणि हळूहळू अठरा सगळीकडे रुळले. आम्ही आमचे नऊ दोनदा खेळतो ते त्या अठरासाठीच.

आणि ती जमीनही आपल्याला परकी नाही. ज्याला 'लिंक्स' म्हणतात ती समुद्राची पुळण आणि मागची शेतजमीन यांच्या मधली वाळूची पट्टी. नांगराला निरुपयोगी, खुरट्या गवताची, वाऱ्याची. आपल्याकडे अशा पट्टीत सुरूचं बन उभं असतं आणि गुरं सोडलेली असतात. तिथे मेंढ्या चरायच्या. पडीक जमीन सगळ्यांची असते, म्हणून तिथे घोडाही येणार, कुत्राही येणार आणि पोरंही खड्डे करणार. नियम या वर्दळीतून निघाले.

भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. त्यापाठोपाठ १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला, म्हणजे कोकणपट्टीला गोल्फचा चेंडू लागून पावणेदोनशे वर्षं उलटून गेली. पण तो लागला मोजक्यांना. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये निघालेला क्लब भारतीय आणि युरोपीय दोघांनाही खुला होता, आणि ही गोष्ट त्या काळी मुद्दाम सांगावी लागे, यातच सगळं आलं. चेंबूरचं मैदान १९२७ चं. इंडियन गोल्फ युनियन १९५५ ची. सिडकोने खारघरला डोंगराच्या कुशीत सार्वजनिक मैदान केलं ते अगदी अलीकडचं, आणि माझ्या मते कोकणातल्या गोल्फच्या इतिहासातली ती महत्त्वाची पायरी आहे. सभासदत्वाशिवाय खेळता येणं ही लीथच्या पडीक पट्टीकडे परत जाणारी वाट आहे.

आता रविवारकडे येतो. नव्या माणसाला सगळ्यात आधी खटकतं ते हे, की इथे पंच नसतो. चार जण, चार कार्डं, आणि प्रत्येकाचं कार्ड दुसऱ्याच्या हातात. त्याला मार्कर म्हणायचं. पण मार्कर लिहितो ते आपण सांगतो ते. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातले एक निवृत्त मास्तर सातव्या होलवर माडाखाली गेले. चेंडूला टेकून एक वाळकी झावळ पडलेली होती. गळून पडलेली झावळ हा सुटा पदार्थ, ती काढायला हरकत नसते. पण ती काढताना चेंडू हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. मास्तर वाकले, झावळ उचलली, पुन्हा वाकले. मी त्यांचा मार्कर, वीस पावलांवर. होल संपल्यावर मी "पाच?" असं विचारलं.

"सहा लिहा. झावळ काढताना चेंडू हलला."

"मला तर काही दिसलं नाही, गुरुजी."

"तुम्हाला कशाला दिसायला पाहिजे? मला दिसलं ना."

त्या दिवशी ते एका गुणाने दुसरे आले. याच जातीची एक घटना गोल्फच्या इतिहासात नोंदलेली आहे. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स यांचा चेंडू उंच गवतात फटक्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कुणीही तो पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःवर एक फटका लावून घेतला, शेवटी विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत ते एका फटक्याने हरले. या खेळाला पंच ठेवता आला नाही त्याचं कारण साधं आहे: मैदान पसरलेलं, खेळाडू विखुरलेले. त्या अडचणीतून जे उगवलं ते टिकलं.

आमचा रविवार स्टेबलफर्ड पद्धतीने होतो, आणि तिचाही उगम समुद्रकाठचाच. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे लष्करी सेवा केलेले शल्यचिकित्सक. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबवर खाडीवरून असा वारा यायचा की चांगल्या खेळाडूचंही पहिल्या दोन-तीन होलमध्ये वाटोळं व्हायचं, आणि मग लोक कार्ड फाडून घरी जायचे. १९३२ मध्ये त्यांनी तिथे गुणांची पद्धत आणली: हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) धरून पारला, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांना, दोन गुण, त्याहून एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन कमी तर चार. पारहून दोन किंवा जास्त फटके लागले तर शून्य. चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. आठवड्याच्या खेळासाठी याहून सोयीचं काही नाही. एका होलवर व्हाळात तीन चेंडू घालवणारा माणूस स्पर्धेत राहतो, आणि मागचा गट ताटकळत नाही. हँडिकॅपची २०२० पासूनची जागतिक पद्धत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ धरते, आणि हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४. त्यामुळे परवा शिकलेली मुलगी आणि तीस वर्षं खेळणारे तिचे काका एकाच गटात खरोखरीची चुरस करतात.

शिष्टाचार म्हटलं की लोकांना कॉलरचा शर्ट आणि बूट आठवतात. नियमपुस्तकात पोशाखाबद्दल काहीही नाही. तो ज्या त्या क्लबचा मामला. पुस्तकात जे आहे ते दुसऱ्याची आणि जमिनीची काळजी. कित्येक वर्षं शिष्टाचार हा पुस्तकाच्या सुरुवातीचा वेगळा भाग होता. २०१९ च्या मोठ्या फेररचनेत ३४ नियमांचे २४ झाले आणि वागणुकीची अपेक्षा थेट पहिल्याच नियमात आली. क्लबला आचारसंहिता करून तिच्या भंगासाठी फटक्यांचा दंडही ठेवता येतो. त्याच फेररचनेने हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाचावरून तीन मिनिटांवर आणली, आणि साप्ताहिक खेळात ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, याला उत्तेजन दिलं. १७४४ चा बारावा नियम सांगत होता, की होलपासून जो सर्वांत लांब त्यानेच आधी खेळावं. आमचे जुने सभासद अजून तसं थांबतात. ते थांबणं अदबीचं आहे, पण मागे दोन गट खोळंबलेले असताना माझं मत नव्या रीतीच्या बाजूने आहे.

बाकी गोष्टी छोट्या आहेत आणि त्या हातानेच शिकाव्या लागतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू आदळून खळगा पडतो. त्याच्या कडांत काटा खुपसून गवत मधल्या दिशेने ढकलायचं, खालून वर उचकटायचं नाही. उचकटलं तर मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका पडतो. मग पटरने, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीने, हलकं थापटायचं. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना आपली पावलं दाताळ्याने पुसायची. दुसऱ्याच्या पटच्या (ग्रीनवरच्या फटक्याच्या) रेषेवर पाय नाही, सावलीही नाही. कॅडीला, म्हणजे बॅग वाहणाऱ्या सोबत्याला, नावाने हाक मारायची; इथले कॅडी शेजारच्या वाडीतले आहेत आणि ग्रीनचा उतार आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतो. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच या खेळात आले होते. त्यामुळे "ए, बॅग आण" असं कुणी ओरडलं की मला ते बंकर न पुसण्याइतकंच लागतं.

पावसाळ्यात कागद बदलतो. कोकणातला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, मग मैदान मैदान राहत नाही. साचलेलं तात्पुरतं पाणी दंडाशिवाय सुटतं: चेंडू होलच्या जवळ न नेता मोकळ्या जागी एका काठीच्या अंतरात, गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. चिखलात रुतलेल्या चेंडूलाही तीच सवलत. खेकड्याचं बीळ हे प्राण्याचं बीळ, तिथेही सुटका. फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्या मधल्या कापलेल्या गवतावर, चेंडू उचलून, पुसून ठेवायची परवानगी मात्र मूळ नियमात नाही. ती समितीने कागदावर लिहिली तरच मिळते. कावळ्याने चेंडू पळवला आणि ते नक्की ठाऊक असेल, तर दंड न घेता दुसरा चेंडू मूळ जागी ठेवायचा. लीथच्या कुत्र्याच्या बाबतीत ही दया नव्हती.

यंदाचा कागद समितीने जूनच्या पहिल्या रविवारी लावला. सगळं मागच्या वर्षीचंच, शेवटचं कलम तेवढं नवं. तिसऱ्या होलच्या उजवीकडे वाडीतल्या पोरांनी क्रिकेटसाठी खेळपट्टी सपाट केली आहे आणि स्टंपांसाठी तीन-तीन भोकं पाडली आहेत. चेंडू त्यांत गेला तर काढावा, एका काठीच्या अंतरात टाकावा, दंड नाही. खेळपट्टी बुजवू नये, असंही खाली पेनने लिहिलेलं आहे.