हौसेचं तळं आणि मातीचा बांध

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं हे धरण पुढे धनिकांच्या एका मासेमारी-शिकार क्लबच्या हाती आलं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकानं काढून भंगारात विकले होते. क्लबनं ते पुन्हा बसवलेच नाहीत. वरून घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा उतरवून रुंद केला. तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, जाळ्या ठोकल्या. ३१ मे १८८९ रोजी, मुसळधार पावसात, त्या जाळ्यांत ओंडके आणि पालापाचोळा अडकला. पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि धरण फुटलं. खालच्या खोऱ्यात आणि जॉन्सटाउन शहरात २,२०० हून अधिक माणसं गेली.

ते धरण सुमारे २२ मीटर उंच होतं, म्हणजे लहान म्हणता येणार नाही. पण तिथे हौसेपायी जे बदल झाले, तेच आजही चार-पाच मीटरच्या खासगी बांधांवर होत असतात. पोहायला, होडी फिरवायला तळं काठोकाठ हवं म्हणून सांडव्यात फळ्या लावून पातळी वाढवतात. सांडव्यावर पूल टाकतात, तोंडाशी झुडपं वाढू देतात. मातीच्या बांधाला सर्वांत मोठा धोका असतो तो माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा. अमेरिकेतल्या धरणफुटींपैकी जवळपास एक तृतीयांश अशाच झालेल्या आहेत. माथ्यावरून गेलेलं पाणी पलीकडच्या उतारावरून वेगानं खाली येतं, माती खरवडतं, आणि एकदा घळ पडली की ती रुंदावत जाते. म्हणून अशा तळ्याची पाहणी करायची झाली तर मी आधी सांडवा बघेन, बांध नंतर.

‘एवढंसं तर तळं आहे’ हा दिलासाही फसवा आहे. बांधाच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा दाब तळ्याच्या पसाऱ्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. ५ मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला सुमारे ५ टन असतो, मागे केवढंही पाणी असलं तरी. आणि १ हेक्टर पसाऱ्याच्या, सरासरी ३ मीटर खोल तळ्यात ३०,००० टन पाणी मावतं.

दुसरा धोका आतून येतो. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न असतो तो पाझराबरोबर माती येते का, हा. बांधाच्या पायथ्याशी जिथे पाणी बाहेर येतं तिथे काचेच्या बरणीत ते धरावं आणि काही वेळ हलवू नये. पाणी नितळ राहिलं तर ठीक. तळाशी गाळाचा थर बसला तर बांध आतून झिजतो आहे. ही झीज बाहेरच्या टोकाला सुरू होते आणि कण-कण करत उलटी तळ्याच्या दिशेनं सरकते; पोकळी पाण्यापर्यंत पोचली की काही तासांतही बांध जाऊ शकतो. पाझर मोजायला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पट्टी बसवतात आणि खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची नोंदवतात. तळ्याची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर अभियंत्याला बोलवायलाच हवं.

अशा झिजेची आवडती जागा म्हणजे बांधातून गेलेला पाइप. त्याच्या कडेनं माती नीट दाबता येत नाही, त्यामुळे पाणी तिथून वाट काढतं. पन्हाळी पत्र्याचा पाइप असेल तर तो गंजून त्याला भोकं पडतात आणि माती त्यात ओढली जाते. पूर्वी यावर उपाय म्हणून पाइपभोवती काँक्रीटच्या कड्या बसवत. आता त्याऐवजी वाळूची गाळणी घालतात, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती जागच्या जागी राहते.

बांधावरची झाडं सावली देतात, म्हणून ती तोडायला मालकाचं मन होत नाही. मोठं झाड वादळात उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन जातं, आणि वाळलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ वाटा उरतात. जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स हे सुमारे १२ मीटरचं धरण वीजनिर्मिती थांबल्यावर नुसतं विरंगुळ्याचं तळं म्हणून उरलं होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटेआधी ते फुटलं आणि ३९ जण मरण पावले. तपासात एकच एक कारण ठामपणे सांगता आलं नाही. खालचा उतार फार उभा होता, तो घसरला आणि आतल्या झिजेनं त्याला हातभार लावला असावा, असं निघालं. त्या उतारावर झाडंही वाढलेली होती. मोठी झाडं असतील तर ती मुळांसकट एकदम उपटू नयेत. भरलेल्या तळ्यावर तसं खणणं स्वतःच धोक्याचं असतं.

कागदावर अशा धरणाला ‘अतिधोकादायक’ म्हटलेलं दिसलं तर बांध खचतो आहे असा अर्थ नाही. तो फुटला तर खाली माणसं मरतील, एवढंच ती श्रेणी सांगते. बांधाची प्रकृती हा निराळा मुद्दा. गंमत म्हणून बांधलेल्या तळ्याखाली वीस वर्षांनी घरं उभी राहिली, तर बांधात काहीही न बदलता श्रेणी बदलते आणि सांडवाही मोठ्या पुराच्या हिशेबानं करावा लागतो.

गढूळ झरा दिसलाच, तर त्याचं तोंड माती टाकून बुजवू नये. अडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी वाळू, मग खडी पसरावी, आणि पातळी हळूहळू उतरवावी. घाईनं उतरवली तर ओलसर बांधातलं पाणी आतच राहतं आणि तळ्याकडचा उतार घसरतो. फुटण्याचीच वेळ आली असेल तर मात्र हा हिशेब अभियंत्यानंच करावा. खालच्या घरांचे फोन नंबर आणि पाणी तिथे किती मिनिटांत पोचेल, हे अभियंत्याकडून काढून आजच एका कागदावर लिहून ठेवावं. पहिला फोन तिथे करायचा.