द्राक्षाच्या ओळीत मावणारा ट्रॅक्टर

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळकडचा द्राक्ष बागायतदार छोटा ट्रॅक्टर बघायला जातो तेव्हा बऱ्याचदा खिशात टेप घेऊनच जातो. मागच्या चाकांचं बाहेरून बाहेर माप आधी, एचपीची चौकशी नंतर. मग वाकून सायलेन्सर बघायचा. वेलींच्या मांडवाखाली उभा सायलेन्सर काड्यांत अडकतो, शिवाय पानं भाजतात.

खरं तर ही चण आपल्यासाठी घडलीच नव्हती. अवजार ट्रॅक्टरच्या मागं तीन ठिकाणी जोडून उचलणारी हॅरी फर्ग्युसनची हायड्रोलिक जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर पडायला लागला. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळाली. अमेरिकेत १९४७ पासून फार्मऑल कब विकला जाऊ लागला. छोट्या शेतांसाठी काढलेला हा दहाएक एचपीचा ट्रॅक्टर पुढं घरामागचं गवत कापायलाही वापरला गेला. जपानमध्ये युद्धानंतर जमिनीचं फेरवाटप झालं होतं, भातखाचरं लहान. तिथल्या कुबोटानं १९६० मध्ये छोटा ट्रॅक्टर काढला आणि दशक संपता संपता तो अमेरिकेत पाठवला. खाचरासाठी घडलेली चण अशी हिरवळीवर पोचली.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर फरिदाबादच्या आयशरच्या कारखान्यातून एप्रिल १९५९ मध्ये बाहेर पडला. पण कृष्णाकाठी ट्रॅक्टरची किंमत ऊस ठरवायचा. खोल नांगरट आणि भरलेली ट्रॉली ओढेल तोच खरा. दारात मोठा ट्रॅक्टर उभा असणं ही इभ्रत (अजूनही आहे म्हणा), मग पंधरा एचपीचं खेळणं कोण घेणार?

हे गणित वाटण्यांनी बिघडवलं. महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ उरलं. भावाभावांत बांध पडले की मोठ्या ट्रॅक्टरला वळायलाच चार सऱ्या लागतात.

दुसरा रेटा द्राक्षाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस आला, तर डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं काही तासांत अख्खी बाग फवारावी लागते. एचटीपी म्हणजे जोराच्या दाबानं फवारणाऱ्या पंपाची नळी ओढत माणसं कितीशी पळणार? हवेच्या झोतानं औषध उडवणारा ब्लोअर आला, पण तो फिरवायला पीटीओ हवा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा. ओळींत आठ-नऊ फूट अंतर, वर मांडव, खाली चिखल. जड ट्रॅक्टर एक तर शिरायचा नाही, शिरलाच तर चाकोऱ्या पाडून माती दाबून टाकायचा. इथं कमी वजन हा गुण ठरला.

मग बाजार जागा झाला. महिंद्राचा पंधरा एचपीचा युवराज २०१० नंतर दिसू लागला. स्वराजचा ‘कोड’ नावाचा ट्रॅक्टर २०२१ मध्ये आला, अकरा एचपीचा आणि तीन फुटांहून अरुंद. मधल्या काळात राज्याच्या सामाजिक न्याय विभागानं अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर द्यायची योजना काढली.

गवताचं काम सगळ्यात शेवटी आलं. भांगलणीला माणूस मिळेना, तणनाशकाचा हात आखडता घ्यावा असं वाटू लागलं, तेव्हा ओळींमधलं गवत कापून तिथंच पसरणं काहींनी सुरू केलं. गवत कापणी यंत्राला साधारण मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ लागतो. म्हणून इंजिनाचा एचपी कितीही सांगोत, पीटीओवर किती मिळतो ते विचारावं. माझ्या मते फसगत होते ती इथंच.

साताऱ्याकडे वाई-पाचगणीच्या उतारावर फार्महाऊसचं गवत कापायचं असेल, तर तासगावचं माप तसंच उचलू नये. अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर कलंडू शकतो. चाकं बाहेर घेऊन ट्रॅक म्हणजे दोन चाकांमधलं अंतर वाढवता येतं का, ते आधी बघायचं, आणि गवत उताराच्या आडवं कापण्याऐवजी वर-खाली जात कापायचं.