गिरगावच्या वाड्या : भाडे, उपकर आणि पुनर्विकास यांची पार्श्वभूमी

गिरगावच्या चाळी शंभर-सव्वाशे वर्षे टिकल्या, त्यामागे जतनाचे कोणतेही धोरण नव्हते. १९४० च्या पातळीवर गोठवलेले भाडे आणि १९६० च्या दशकात ठरवलेली बांधकामाची मर्यादा या दोन गोष्टींमुळे त्या पाडणे मालकाला परवडत नव्हते आणि दुरुस्त करणेही परवडत नव्हते. त्यामुळे आज ठाकूरद्वार, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट या पट्ट्यात चाळींच्या जागी मनोरे का उभे राहत आहेत हे समजून घ्यायचे, तर सुरुवात या अडून राहिलेल्या काळापासून करावी लागते. या सगळ्या काळात कायद्याने गिरगावात खोली पाहिली, भाडेकरू पाहिला, इमारत पाहिली आणि भूखंडही पाहिला. मात्र जिच्यामुळे गिरगाव हे गिरगाव झाले ती वाडी त्याने कधीच एक घटक म्हणून हिशेबात घेतली नाही.

वाडीची घडण चाळीच्या आधीची आहे. इंग्रजांच्या किल्ल्याच्या उत्तरेला, बॅकबेच्या किनाऱ्यालगत नारळी-आंब्यांच्या बागा होत्या आणि त्यांची मालकी प्रामुख्याने पाठारे प्रभू व इतर स्थानिक कुटुंबांकडे होती. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी वस्ती किल्ल्याबाहेर अधिक वेगाने पसरू लागली. बागांमधून तुकडे पडत गेले, तुकड्यांवर घरे झाली, आणि बागेत शिरायची जी पायवाट होती तीच पुढे गल्ली ठरली. म्हणूनच वाडीला बहुधा एकच तोंड असते, गल्ली आत जाऊन मोडते किंवा संपते, आणि मध्ये एखादी विहीर, देऊळ किंवा मोकळे आवार सापडते. आखलेल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या इमारतींना लावायचे नियम जेव्हा या गल्ल्यांना लावले गेले, तेव्हा ते बसले नाहीत, याचे मूळ कारण ही घडण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस, गिरण्या, गोदी आणि सरकारी कचेऱ्या यांनी माणसे ओढून आणली, तेव्हा या वाड्यांत चाळी चढल्या. गिरगावात मुख्यतः कोकणातून व घाटावरून आलेला पांढरपेशा मराठी कारकून, शिक्षक, मुद्रक, वकील राहिला. चाळींचे मालक पुष्कळदा गुजराती किंवा कच्छी व्यापारी होते. सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यात विटांची भरणी, वर मंगलोरी कौले, पुढे लाकडी कठड्याची सामायिक गॅलरी, दोन खोल्यांचे बिऱ्हाड, आत मोरी आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास, असे या चाळींचे सर्वसाधारण रूप होते. सार्वजनिक जीवनाची जागा याच रचनेने दिली. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला तो आवारात. गॅलऱ्या हीच त्याची प्रेक्षकांची बाके होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ब्राह्मण सभा, केळेवाडीतील साहित्य संघ, आर्यन आणि चिकित्सक समूहाच्या शाळा या सगळ्या संस्था चालत जाण्याच्या अंतरात वाढल्या, कारण त्यांचे वाचक, सभासद, नट आणि विद्यार्थी त्याच अंतरात राहत होते.

शहराने जुन्या वस्तीत पहिला मोठा हस्तक्षेप केला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच बोलीतला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाट वस्तीत वारा खेळवायचा, या विचाराने ट्रस्टने सरळ रस्ते कापले. त्यांपैकी गिरगाव चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा समुद्राचा वारा शहराच्या पोटात नेण्यासाठीच होता. रस्ते झाले, पण जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या लवकर नव्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि उठलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटली. पुनर्विकासाने दाटी कमी होण्याऐवजी शेजारी सरकते, हा अनुभव मुंबईला तेव्हाच आला होता. त्याची आठवण नंतरच्या योजना आखणाऱ्यांना फारशी राहिलेली दिसत नाही.

यानंतरचे निर्णायक वर्ष १९४७. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मुंबईत भाड्यावर नियंत्रणे येत-जात होती, पण १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धानंतरची घरटंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे पाहता तेव्हा भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते, आणि त्या संरक्षणामुळेच मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे शहराच्या मध्यभागी राहू शकली, हे मान्य केल्याशिवाय या कायद्याचे मूल्यमापन करता येत नाही. अडचण अशी झाली की तात्पुरता म्हणून आणलेल्या कायद्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि महिन्याचे भाडे दहा-वीस रुपयांच्या घरात अडकून राहिले. या भाड्यात मालक सागवानी तुळई बदलणार नव्हता. दुसरीकडे, खोलीचा ताबा विकत घेण्या-देण्याचा पागडीचा व्यवहार रूढ झाला. त्यातला ठरावीक वाटा मालकाला मिळे, आणि भाडेकरू स्वतःला अर्धा मालक समजू लागला तर ते चुकीचेही नव्हते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला; त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. पंधरा रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे साठ पैसे, एवढे लक्षात घेतले की ही सुधारणा इमारतीपर्यंत का पोहोचली नाही ते कळते.

याच काळात बांधकामावर दुसरे बंधन आले. १९६० च्या दशकातील पहिल्या विकास आराखड्याबरोबर शहर भागातील निवासी भूखंडांना चटई क्षेत्र निर्देशांक १.३३ ठरला, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या १.३३ पट बांधकाम. गिरगावातील कितीतरी चाळींचे बांधकाम याहून अधिक होते. चाळ पाडली तर पहिल्याइतकीही इमारत उभी राहणार नाही, अशा स्थितीत कोण पाडणार? वाड्यांचा आराखडा, गल्ल्यांची रुंदी आणि इमारतींची उंची अशी जवळजवळ तीस वर्षे जशीच्या तशी राहिली.

आतून मात्र लाकूड कुजत होते. चाळ खचते ती बहुधा मोरी आणि संडासाच्या बाजूने: वर्षानुवर्षे ओल मुरते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक पोकळ होते, मग मजला त्या कोपऱ्यात झुकतो आणि खालच्या बिऱ्हाडात लोखंडी गर्डर किंवा लाकडी टेकू लागतो. पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रमाण वाढले तेव्हा बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायदा झाला आणि १९७१ मध्ये दुरुस्ती मंडळ कामाला लागले. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि सरकारी यंत्रणेने दुरुस्ती करायची, अशी ही व्यवस्था होती. सुरुवातीस १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतल्या १६,५०२ या सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. पुढे हे काम म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आले. मंडळाने हजारो इमारती तोलून धरल्या, हे त्याचे श्रेय आहे. पण कोसळण्याची भीती हाच निकष असल्यामुळे दुरुस्ती म्हणजे टेकू, गर्डर आणि सिमेंटचा थर, असे समीकरण बसले. नक्षीदार लाकडी कठडा काढून त्या जागी लोखंडी पाइप लावला गेला तर त्याची नोंद घेणारे कोणी नव्हते. ज्यांचे घर अतिधोकादायक ठरले ते संक्रमण शिबिरात गेले, आणि गिरगावातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत ते शिबिर दूरच्या उपनगरात होते व तात्पुरता मुक्काम एका पिढीहून लांबला.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घातले गेले, ज्यानुसार ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करता येणार होती. मालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. त्यातून निघालेला, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते का, हा घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचे उत्तर बहुमताने नकारार्थी आले. मधल्या जवळजवळ चार दशकांत प्रत्यक्षातला बदल दुसऱ्याच वाटेने होऊन गेला होता.

ती वाट म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ३३(७). १९९१ च्या नियमावलीत ते होतेच, पण दि. म. सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर १९९९ मध्ये त्याला खरे बळ मिळाले. उपकरप्राप्त इमारतीसाठी २.५ चटई क्षेत्र, किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र आणि त्याच्या किमान ५० टक्के प्रोत्साहन क्षेत्र (म्हणजे विकासकाला विकता येणारे जादा बांधकाम), यांतले जे जास्त असेल ते देऊ केले गेले, पुढे २.५ चे ३ झाले. प्रत्येक भाडेकरूला त्याच जागी, मालकी हक्काने, किमान २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळणार होते, आणि ही मर्यादाही नंतर वाढली. १३ जून १९९६ रोजीच्या भाडेकरूंची यादी प्रमाणित करण्याचे काम मंडळाकडे आले. या सूत्रातली मेख अशी की पुनर्वसन जितके जास्त, तितके विकासकाला विक्रीचे क्षेत्र जास्त. म्हणजे दाट भरलेली चाळ ही सर्वांत फायदेशीर चाळ ठरली. जी दाटी कमी करणे हा शंभर वर्षांपूर्वीचा उद्देश होता, तीच आता प्रकल्पाचे भांडवल झाली.

या योजनेने अनेक कुटुंबांना स्वतंत्र संडास, पाणी, लिफ्ट आणि नावावरचे घर दिले. ज्यांनी पहाटे सामायिक नळावर रांग लावली आहे त्यांना चाळीचे सौंदर्य शिकवण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही, असे मला मनापासून वाटते. पण योजना एकेका भूखंडावर चालते. वाडीतली एक चाळ पडते, मागे-पुढे सोडायच्या मोकळ्या जागेत सवलत मिळते, खालचे मजले वाहनतळाला जातात, आणि गल्ली मात्र पूर्वीच्याच रुंदीची राहते. आवार जाते. शेजारच्या चाळीच्या गॅलरीत दुपारी येणारे ऊन जाते. यांपैकी कशाचीही भरपाई किंवा मोजणी नियमावलीत नाही, कारण ज्या घटकाचे नुकसान होते तो तिच्या लेखी अस्तित्वातच नाही.

वारसा जतनाचे नियम याच सुमारास आले. एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि असे नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर ठरले. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, त्यांखेरीज वारसा परिसर ठरले, आणि सल्ल्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमली गेली. परिसर ही संकल्पना वाडीच्या सर्वांत जवळ जाणारी होती. दुर्दैवाने ३३(७) सारख्या योजनांखाली होणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासापुरते वारसा नियम पुढे फक्त पहिल्या व दुसऱ्या श्रेणीला लागू ठेवले गेले. गिरगावच्या साध्या चाळी कधीच त्या श्रेणींत बसणाऱ्या नव्हत्या. फोर्टातल्या दगडी इमारती वाचवणारी चौकट गिरगावात आली ती दारातूनच परत गेली.

खोताची वाडी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाने ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती समाजातील कुटुंबांना येथे भूखंड दिले. एक-दोन मजल्यांची लाकडी घरे, बाहेरून वर जाणारा जिना, पुढे ओटा किंवा व्हरांडा, उतरते छप्पर आणि गल्लीत क्रूस, अशी ही वस्ती. मूळची पासष्टच्या आसपास घरे आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत. येथे राहणारे अनेकजण भाडेकरू नसून मालक आहेत, त्यामुळे गोठलेल्या भाड्याचा दोष इथे देता येत नाही. इथली अडचण वेगळी आहे: लाकडी घराची निगा महाग, भूखंडाची किंमत अफाट, वारस अनेक आणि काही परदेशी स्थायिक, आणि जतनासाठी मिळणारे अर्थसाहाय्य जवळजवळ नाही. घर न विकणाऱ्या मालकाकडून शहराने जतनाची अपेक्षा केली आणि त्याचा खर्चही त्याच्यावरच टाकला. इतके असूनही रहिवाशांनी आजवर जेवढे टिकवले, ते त्यांच्या चिकाटीमुळे.

२००९ मध्ये त्याच विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(९) खाली समूह पुनर्विकासाची तरतूद आली: शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र आणि ४ चटई क्षेत्र. भेंडीबाजारात एका विश्वस्त संस्थेने या मार्गाने सुमारे साडेसोळा एकरांचा प्रकल्प हाती घेतला. गिरगावात एवढी जमीन एकत्र येणे कठीण, कारण एका वाडीत अनेक मालक, न्यासांच्या जागा आणि कोर्टकज्जे असतात. २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत आणि २०१९ मध्ये डोंगरीतील केसरबाई इमारत पडल्यानंतर कायदा पुन्हा कडक झाला. म्हाडा कायद्यातील नव्या कलम ७९-अ नुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंना सहा महिने, आणि तरीही प्रस्ताव न आल्यास म्हाडाने संपादन करायचे, असा क्रम ठरला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाखालील शेकडो नोटिसा रद्द केल्या, कारण इमारत धोकादायक ठरवण्याची प्रक्रियाच नीट पाळली गेली नव्हती.

याच काळात कुलाबा–वांद्रे–सीप्झ भुयारी मेट्रोसाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील गिरगाव व काळबादेवी स्थानकांच्या जागी चाळी पाडाव्या लागल्या. २०१५ मध्ये तीव्र विरोध झाला, आणि त्या विरोधामुळेच बाधित कुटुंबांना त्याच परिसरात घरे देण्याचे मान्य झाले. त्यासाठी अनेक इमारतींचे भूखंड एकत्र घेऊन पुनर्वसनाचा आराखडा करण्यात आला. म्हणजे मालक अनेक असतानाही जमीन एकत्र आणता येते, कुटुंबे गिरगावातच ठेवता येतात, आणि सरकारी यंत्रणा त्याची जबाबदारी घेऊ शकते, हे स्थानकासाठी तरी सिद्ध झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. आवार, गल्लीची रुंदी आणि शेजारच्या इमारतीचा उजेड यांचा विचार करून संपूर्ण वाडीसाठी असाच आराखडा करण्याची तरतूद मात्र अजून कोणत्याही नियमावलीत नाही.