सशाला न्हाऊ घालू नका

घरात ससा आला की पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी विचारतं, याला आंघोळ कधी घालायची? प्रश्न प्रेमानेच विचारलेला असतो. पांढरंशुभ्र जनावर, पाय मळलेले, शेपटीखाली काहीतरी चिकटलेलं. बादलीभर कोमट पाणी आणि थोडा शॅम्पू यात वाईट ते काय? पण सशाच्या बाबतीत ही माया जिवावर बेतू शकते, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवतो: संपूर्ण आंघोळ कधीच घालू नका.

कारण त्याच्या अंगावरच्या केसांतच आहे. वर दिसतात ते लांब, जरा राठ केस, आणि त्यांच्याखाली बारीक लोकरीचा दाट थर असतो. ही लोकर हवा धरून ठेवते आणि ससा उबदार राहतो. एकदा ती भिजली की हवेच्या जागी पाणी बसतं आणि तासन्‌तास निघत नाही. वरचे केस कोरडे लागतात, आत कातडीपाशी मात्र ओल राहते. सशाचं शरीर साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअसवर चालतं. ओल्या लोकरीत ते झपाट्याने गार पडतं.

दुसरं कारण हाडांचं. मांजराच्या वजनात हाडांचा वाटा १२-१३ टक्के असतो, सशाच्या वजनात जेमतेम ७-८ टक्के. या हलक्या सांगाड्यावर मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण ताकदीचे. घाबरलेला ससा जोरात लाथ झाडतो तेव्हा त्याच्याच ताकदीने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. ‘आमचा तर पाण्यात अगदी शांत बसतो’ असं सांगणारेही भेटतात. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला ससा असाच निपचित पडतो. ती भीतीची शेवटची पायरी आहे.

खरं तर ससा दिवसातला बराच वेळ स्वतःच्या स्वच्छतेवर घालवतो. पुढचे पंजे चाटून तोंड पुसणं, लांब कान एकेक करून खाली ओढून साफ करणं, मान वळवून पाठ चाटणं, हे सगळं निवांत बसून बघण्यासारखं असतं. या सवयीतून एक अडचण मात्र उभी राहते. चाटताना केस पोटात जातात, आणि मांजर जसं केसांचा गोळा ओकून टाकतं तसं सशाला जमत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की त्याला उलटी होतच नाही. आत गेलेला केस पूर्ण आतड्यांचा प्रवास करूनच बाहेर पडणार.

पूर्वी समज असा होता की केसांचा गोळा अडकतो आणि त्यामुळे आतडी बंद पडतात. आता पशुवैद्यक हे उलट्या बाजूने बघतात. निरोगी सशाच्या जठरात थोडे केस कायमच असतात आणि ते विनातक्रार पुढे सरकतात. बिघाड आतड्यांच्या चालीत होतो. खाण्यात तंतू कमी पडले, दुखण्याने किंवा भीतीने आतडी मंदावली, की जठरातलं पाणी शोषलं जातं आणि उरलेलं अन्न केसांसकट वाळून घट्ट होतं. म्हणजे केसांचा गोळा हा आजाराचा परिणाम. ससा दहा-बारा तास काही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या असतील तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

शेपटीखालच्या घाणीचीही गोष्ट अशीच आहे. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या आपण झाडतो त्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहानशा घडासारखी, सहसा रात्री किंवा पहाटे पडणारी. आतड्याच्या सीकम नावाच्या मोठ्या पिशवीतले जिवाणू ती तयार करतात. तिच्यात प्रथिनं आणि ब-जीवनसत्त्वं भरपूर असतात. ससा ती थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन गिळतो, त्यामुळे सुदृढ सशाची ही विष्ठा आपल्याला दिसतच नाही. दिसायला लागली, केसांना चिकटली, की समजायचं त्याला तिथवर वाकता येत नाहीये किंवा वाकायची गरज वाटत नाहीये. लठ्ठपणा, दुखरे सांधे, नाहीतर पेलेट म्हणजे बाजारातलं दाणेदार खाद्य, बिस्किटं, पोळी आणि गाजरांचा मारा. (गाजरात साखर बरीच असते. चित्रांतल्या सशाने आपली फार दिशाभूल केली आहे.)

तेव्हा केसांची निगा ताटातून सुरू करा. खाण्याचा सुमारे ८० टक्के भाग गवताचा हवा, म्हणजे रोज सशाच्या आकाराएवढी वाळलेल्या गवताची पेंढी. ताजी हरळी उत्तम. फवारणी न केलेली, धुऊन निथळलेली. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम खूप असतं, आणि ससा अन्नातलं कॅल्शियम भरभरून शोषून जास्तीचं लघवीवाटे टाकतो. लघवी दाट, खडूच्या पाण्यासारखी होते, मांड्यांच्या केसांत वाळते आणि कातडी भाजल्यासारखी लाल होते.

मागची बाजू माखलीच असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडा करा. केसांच्या गाठी बोटांनी हळूहळू सोडवा. कात्री लावू नका, सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गाठीसोबत वर ओढली जाते. पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघाच. हिरवट चमकदार माश्या अशा ओल्या, घाण केसांत अंडी घालतात. दिवसभराच्या आतच अळ्या निघून जिवंत मांस खायला लागतात.

केस कुठे बिघडलेत यावरूनही बरंच कळतं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला केस चिकटून राठ झालेत? ससा वाहणारं नाक तिथे पुसतोय. हनुवटीखाली सतत ओल? दात तपासा; ते जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. तळव्यांचे केस उडून कातडी लाल झाली असेल तर पिंजऱ्याच्या जाळीकडे बघा. सशाच्या पायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, केस हीच त्याची पायताणं. पाठीवर कोंडा आणि तो कोंडा हलताना दिसत असेल तर ती चेलेटिएला नावाची कीड. कानात तपकिरी खपल्या, नाकावर आणि पंजांवर पांढरट जाड कवच, ही खरजेची लक्षणं, आणि औषध पशुवैद्यानेच द्यायचं. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांसाठी घरात ठेवलेलं फिप्रोनिलचं औषध सशाला लावू नका. ते त्याच्यासाठी विष आहे. गोल चट्ट्यांनी केस गेले असतील तर गजकर्णाची शंका घ्या. ते माणसालाही होतं, मुलांना आधी.

एरवी आठवड्यातून एकदा मऊ ब्रश पुरेसा. केस बदलण्याच्या दिवसांत मात्र रोज फिरवा, कारण तुम्ही काढलेला प्रत्येक केस त्याच्या पोटात जायचा वाचतो. हा बदल दिवसाच्या लांबीवर चालतो, पण रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरांत त्याचं वेळापत्रक पुढेमागे होतं.

एका प्रकारच्या केसगळतीला मात्र घाबरू नका. मादी अचानक छातीपोटाचे केस तोंडाने उपटून कोपऱ्यात रचते, तेव्हा ती घरटं करत असते. पुष्कळदा गर्भ खोटाच असतो आणि अडीच-तीन आठवड्यांत सगळं निवळतं. पण ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून विकलेल्या जोडीत एक नर निघणं काही दुर्मीळ नाही, आणि गर्भाचा काळ अवघा ३१ दिवसांचा. म्हणून तो केसांचा पुंजका झाडून टाकण्याआधी हलकेच उघडून बघा. कधी कधी त्यात बोटाएवढी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांना चिकटून झोपलेली असतात.